डाव्या गालावरची रेघ

काकूंचा दिवस चहाने सुरू होत नसे, प्रश्नाने होत असे. त्या अजून पांघरुणातच असायच्या आणि पलीकडच्या पलंगावरून काकांचा आवाज यायचा, "किती?" मग काकू उठायच्या, गुडघ्यांना चार शब्द सुनावायच्या, पायाने चपला चाचपडत मागच्या खोलीत जायच्या आणि भिंतीवरच्या काट्यासमोर उभ्या राहून ओरडून सांगायच्या, "अठ्ठावीस!" त्यावर पलंगावरून "छे!" एवढंच यायचं. चहा त्यानंतर.

हा काटा म्हणजे घड्याळ नव्हे. हवेत ओलावा किती आहे ते सांगणारी, पितळी कडेची वाटोळी तबकडी. साध्या माणसाला हवेतल्या ओलाव्याशी काय देणंघेणं? कपडे वाळले म्हणजे झालं. पण ज्या घराच्या मागच्या खोलीत फोटो छापायचं मशीन आहे, त्या घरात हा काटा एखाद्या तऱ्हेवाईक सासऱ्यासारखा असतो. त्याची मर्जी सांभाळावी लागते. चाळीस ते पन्नासच्या मध्ये असला तर सगळं सुरळीत. तिसाच्या खाली घसरला, की मशीन रुसलं, कागद वाकडे झाले, शाई अडली आणि घरातली दोन माणसं एकमेकांवर खेकसायला लागली म्हणून समजा.

काका चाळीस वर्षं गावातले फोटोग्राफर. शाळांचे वर्गच्या वर्ग, लग्नं, दुकानांची उद्घाटनं, म्हाताऱ्यांचे शेवटचे बरे फोटो, सगळं त्यांनीच काढलं. फोटो काढायचे त्यांनी, धुवायचे, वाळवायचे, कापायचे आणि चिकटवायचे काकूंनी. बघणारे ते आणि करणाऱ्या या, अशी वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच होऊन गेली. कुणी केली ते दोघांनाही आठवत नव्हतं. पुढे रसायनांची अंधारी खोली गेली, शाईचं मशीन आलं, तरी वाटणी तीच राहिली. छापलेला कागद काकू आणून द्यायच्या, काका भिंगाखाली धरायचे आणि सांगायचे, "सावली मेलीय. परत काढ." काकू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत परत काढायच्या.

मग काचबिंदू झाला. हा आजार मोठा लबाड. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर कुरतडत आत येतो. काकांना बाजूची माणसं दिसेनाशी झाली, तेव्हा ते म्हणाले लोक हल्ली अंगावर येतात. दाराच्या चौकटीला खांदा आपटला, तेव्हा म्हणाले चौकट अरुंद केलीय कुणी. डॉक्टरांकडे गेले तोवर पुंगळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढंच उरलं होतं. दुकान बंद केलं. मशीन घरी मागच्या खोलीत आलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पासपोर्टचे फोटो काकूच काढून द्यायला लागल्या.

पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी त्या दोघांना समोर बसवलं. म्हणाले, "थेंब चालू ठेवा. पण उन्हाळ्यापर्यंत टिकेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही."

 घरी आल्यावर कोट न काढताच काकांनी माळ्यावरच्या निगेटिव्हच्या पेट्या खाली घ्यायला लावल्या. तीन आठवडे ते खालून उजेड येणाऱ्या काचेवर वाकून, भिंग डोळ्याला लावून चाळीस वर्षं चाळत बसले. त्यातून छत्तीस निवडले. छत्तीसच का, तर जुन्या रोलात तेवढेच असायचे.

"माणसाला जन्मात एक रोल चांगला मिळाला तरी खूप झालं," ते म्हणाले. "हे छत्तीस मोठे छाप. चांगल्या जाड कागदावर. एका वहीत लाव. दिसतंय तोवर मला एकदा सगळे बघायचेत."

एवढंच मागणं. काकूंनी पदर खोचला. बाकी जगात काय चाललंय ते त्या वर्षी त्यांना विचारू नये.

पहिले अकरा फोटो सुतासारखे सरळ आले. प्रत्येकाची तपासणी व्हायची. छापलेला कागद दिवसभर खणात वाळायचा, धूळ बसू नये म्हणून वर त्याच मापाचा एक कोरा कागद झाकलेला असायचा. दुसऱ्या दिवशी काका खिडकीपाशी खुर्चीत बसायचे, कागद मांडीवरच्या फळीवर ठेवायचे आणि मनातल्या मनात त्याची बारा घरं पाडायचे. वर चार, मध्ये चार, खाली चार. भिंग एकेका घरावर फिरायचं. काकू समोर स्टुलावर पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन. "पहिलं घर, स्वच्छ. दुसरं घर, स्वच्छ. तिसऱ्यात ठिपका आहे, कानाच्या वर." अशी सगळी बारा. बाराही घरं स्वच्छ निघाली, की काका भिंग खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "चिकटव." नवऱ्याच्या तोंडून यापेक्षा गोड शब्द आपण ऐकलेला नाही, असं काकू नणंदेला फोनवर सांगायच्या, आणि नणंद हसली तरी ते खरंच होतं.

मग थंडी पडली. तिच्याबरोबर डोंगराकडून कोरडा वारा आला, आणि घरात हीटर लागला. काटा पन्नासावरून चाळीस, चाळीसावरून तीस असा उतरत उतरत एका सकाळी बावीसवर येऊन बसला.

त्यानंतरचे दोन महिने काकूंनी जिवाचं रान केलं. आधी मशीनची बारीक छिद्रं शाई वाळून बुजली. फोटोवर आडव्या पांढऱ्या रेघा यायला लागल्या, जणू कुणी कंगवा फिरवलाय. छिद्रं साफ करायचं बटण दाबलं की मशीन अर्धी शाई पिऊन टाकायचं आणि वर हूं की चूं नाही. मग कागदाचे कोपरे वळायला लागले. वळलेला कोपरा मशीनच्या आत घासला जाऊन कडेला काळा फराटा. कागदाला हात लावला की ठिणगीसारखा चटका बसायचा, आणि खोलीतली होती नव्हती ती धूळ त्यावर येऊन चिकटायची. मशीन दुरुस्त करणारा आला, त्याने काट्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, मशीनला काही झालेलं नाही. त्याला तहान लागलीय."

मग काकूंनी खोलीला पाणी पाजायला सुरुवात केली. खोलीत दोऱ्या बांधून ओल्या चादरी टांगल्या. खाली परातींमध्ये पाणी. दाराच्या फटींना जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या. मोठ्या पानांच्या चार कुंड्या अंगणातून आत आल्या. तरी काटा बत्तिसाच्या वर जाईना, तेव्हा हवेत धुकं सोडणारं यंत्र आणलं. ते आल्यावर काटा चढला, पण चौथ्या दिवशी काका फोटोवरून बोट फिरवत म्हणाले, "अगं, हे पीठ कसलं?" गावचं पाणी जड. त्यातला क्षार धुक्याबरोबर उडून काळ्या सावल्यांवर पांढरा भुरका धरत होता. तेव्हापासून काकू गाळण यंत्रातलं पाणी कॅनमधून वाहून आणायला लागल्या. सकाळी एक कॅन, दुपारी एक. चादरी दिवसातून तीनदा भिजवायच्या, पिळायच्या, टांगायच्या. समोरचा शिंपी त्यांना "चादरवाल्या काकू" म्हणायला लागला. त्यांची कंबर बोलायला लागली, आणि हात असे फुटले की पेन्सिल धरली तरी रक्त यायचं. सगळा ओलावा मशीनला, काकूंच्या वाट्याला भेगा. पण काटा सेहेचाळिसावर आला आणि तिथे राहिला.

फोटो परत यायला लागले. बारावा, तेरावा, विसावा. काका बोटाने कडा चाचपायचे, भिंग फिरवायचे, "चिकटव" म्हणायचे. भराभर चिकटवायचे ते दिवस. पस्तीस झाले तेव्हा थंडी अजून बरीच उरली होती. काकूंना वाटलं, जिंकलो. डोळे आहेत, फोटो आहेत, एकच राहिलाय.

तो छत्तिसावा फोटो काकूंचा स्वतःचा होता. चोवीस वर्षांच्या काकू मागच्या पायरीवर बसून टबात फोटो धुताहेत, बाह्या वर सारलेल्या, आणि मान वर करून कॅमेऱ्यावर ओरडताहेत. तोंड उघडं. काय ओरडत होत्या तेही त्यांना पाठ होतं: "फोटो काय काढताय, गरम पाणी आणा!" त्यांना तो फोटो मुळीच आवडत नसे. बायकोचा एवढा एकच फोटो निवडावा आणि त्यात ती भांडत असावी, यावर त्या पुष्कळ बोलल्या होत्या.

"हा शेवटी," काका म्हणाले होते. "आणि हा नीट यायला हवा. बाकी कसेही आले तरी चालतील."

पहिल्यांदा काढला तेव्हा काका पाचव्या घरावर थांबले. "डाव्या गालावर रेघ आहे."

काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. त्यांना काही दिसेना. पण बघणारे ते. त्यांनी छिद्रं साफ केली, चादरी आणखी दोन वाढवल्या, परत काढला. "आहे अजून. केसासारखी बारीक." परत काढला. "बारीक झालीय, पण आहे." काकू खिडकीत, दिव्याखाली, उन्हात, कागद तिरका करून, सगळीकडून बघायच्या. आपलीच नजर कच्ची, असं म्हणायच्या. चाळीस वर्षं त्यांनी हेच मानलं होतं. आणि मनात एक घोर लागून राहिला होता, की रेघ जाईपर्यंत काकांचे डोळे राहतील ना? कॅन वाहताना, चादरी पिळताना त्या स्वतःशी दिवस मोजायच्या. महिनाभरात तो फोटो चौदा वेळा निघाला. चौदा वेळा रेघ.

पंधराव्या वेळची गोष्ट. त्या सकाळी वारा फार होता आणि काटा एका रात्रीत एकतिसावर घसरला होता. काकूंनी खणातून वाळलेला फोटो उचलला, तर वरचा झाकणाचा कोरा कागद त्याला घट्ट चिकटून वर आला. कोरड्या हवेत कागद असे एकमेकांना धरून बसतात, सोडवताना चटचट आवाज येतो. काकूंनी दोन्ही सोडवले. एक या हातात, एक त्या हातात. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"आणतेस का?" काका खिडकीपाशी बसून म्हणाले.

"हो हो, धरा." काकूंनी हातातला कागद त्यांच्या फळीवर ठेवला आणि त्या दाराकडे पळाल्या. दारात शिंपी. पासपोर्टचे फोटो झाले का म्हणून विचारायला आलेला.

"झालेत, देते," काकू म्हणाल्या.

शिंपी त्यांच्या हाताकडे बघून हसला. "वा! ही कोण रागावलीय एवढी? तुम्हीच की काय, काकू?"

काकूंनी खाली पाहिलं. फोटो त्यांच्याच हातात होता.

शिंप्याला त्यांनी दारातच उभं केलं आणि त्या मागे वळल्या. कोरा कागद दिला हो तुम्हाला, असं म्हणायला तोंड उघडलंच होतं. खिडकीत काका खुर्चीवर बसले होते. मांडीवर फळी. फळीवर लख्ख पांढरा, कोरा कागद. काका त्याच्यावर वाकून भिंग फिरवत होते. अगदी नेहमीसारखं, सावकाश, घर सोडून घर.

"तिसरं घर, स्वच्छ," काका म्हणाले. काकू स्टुलावर बसल्यात असं त्यांना वाटलं असावं. "चौथं घर, स्वच्छ." मग भिंग थांबलं. "पाचवं. डाव्या गालावर. तीच बघ. केसासारखी."

काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांना आधी काही कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. शिंप्याने मागून "काकू?" म्हटलं ते त्यांना ऐकू आलं नाही.

"लिहिलंस का?" काकांनी विचारलं.

"लिहिलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "परत काढते."

शिंप्याला त्याचे फोटो देऊन वाटेला लावलं आणि काकू मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या. पहिल्यांदा आला तो राग. सणसणीत, खराखुरा राग. महिनाभर चादरी! हे हात! ही कंबर! खणातून त्यांनी नापास झालेले चौदाही फोटो काढले आणि टेबलावर पसरले. चौदा वेळा त्याच चोवीस वर्षांच्या काकू, तोंड उघडून ओरडताहेत, आणि चौदापैकी एकीच्याही गालावर काही नाही. भुरका आणि वळलेले कोपरे काकांनी बरोबर धरले होते, कारण ते बोटाला लागतात. रेघ बोटाला लागत नाही.

मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर चांगला माणूस, पण गडबडीत होता.

"त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?" डॉक्टर म्हणाले. "गेल्या खेपेला मी स्पष्ट बोललो होतो त्यांच्याशी. मधली नजरही गेलीय. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच कळतं आता. दोन महिने झाले त्याला."

काकूंना ती खेप आठवली. काका एकटेच आत गेले होते. बाहेर येऊन म्हणाले होते, "तसंच आहे गं. फरक नाही." घरी येऊन त्यांनी विचारलं होतं, "आज कितवा?" आणि काकूंनी सांगितलं होतं, "एकोणिसावा."

म्हणजे छत्तीसपैकी फार तर अठरा. त्यातलेही शेवटचे किती धुरकट दिसले असतील, ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. वहीतले पुढचे सतरा फोटो काकांनी न बघता पास केले होते. आणि हा एक नापास करत राहिले. का, ते काकूंना विचारावं लागलं नाही. हा पास झाला की काम संपलं. मशीन थांबणार, मागची खोली बंद होणार, काकू स्टुलावर येऊन बसणार नाहीत. मग या माणसाने सकाळी उठून काय विचारायचं?

दुपारी जेवताना काकूंनी दोनदा बोलायचं ठरवलं. दोन्ही वेळा घास गिळला आणि गप्प बसल्या. काय म्हणायचं? मला कळलं? चाळीस वर्षं या घरात बघणारे ते होते. ते तेवढंही काढून घ्यायचं, तेही आपण? काकूंना रडू आलं ते त्यांनी आवाज न करता रडून घेतलं, समोर बसूनच. पहिल्यांदाच तशी मुभा होती, आणि त्या मुभेचं त्यांना आणखी वाईट वाटलं.

त्या दिवसापासून काकूंच्या अंगातलं काहीतरी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कॅन उचलायला वाकल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कुणासाठी? चादरी कोरड्याच दोरीवर राहिल्या. परातींमधलं पाणी आटलं, तळाला पांढरी कड धरली. धुक्याचं यंत्र त्यांनी बंद केलं. मशीन मात्र रोज चालू करायच्या, कारण त्याचा घरघराट काकांना खिडकीत ऐकू जायचा आणि तो ऐकताना ते मान जरा तिरकी करून बसायचे.

"किती?" सकाळी पलंगावरून यायचं.

काकू काट्यासमोर उभ्या राहायच्या. काटा सव्वीस. दुसऱ्या दिवशी चोवीस. "सेहेचाळीस," त्या ओरडून सांगायच्या. आयुष्यात त्यांनी नवऱ्याशी भांडणं अनेक केली होती, खोटं फारसं बोलल्या नव्हत्या. पण एकदा बोलल्यावर ते रोज बोलायला सोपं गेलं.

"बरं आहे," काका म्हणायचे.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "चादरींचं पाणी टपकायचं गं पूर्वी. आवाज यायचा."

"घट्ट पिळते आता," काकू म्हणाल्या. 

आठव्या दिवशी त्यांनी काकूंना मशीन लावायला सांगितलं. "छत्तिसावा काढ. बघू या." कोरड्या मशीनने खोकत खोकत फोटो बाहेर टाकला. काकूंनी तो खणात ठेवला, वर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी उचलला आणि उजेडात पाहिला. डाव्या गालावर रेघ होती. कानाच्या पाळीपासून ओठापर्यंत, आडवी, पांढरी, दोऱ्याएवढी जाड. लांबूनसुद्धा दिसेल अशी. चौदा वेळा जी नव्हती ती आता खरोखरची आली होती, आणि नेमकी तिथेच. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना हसू आलं असतं, पण आलं नाही.

परत काढण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तोच नेऊन फळीवर ठेवला आणि स्टुलावर बसून पेन्सिल हातात घेतली. आज तरी हे म्हणतील ते खरं असेल, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

काकांनी कडा चाचपल्या. कोपरे थोडे वळलेले होते. बोट कोपऱ्यावर जरा थांबलं, पुढे गेलं. मग भिंग.

"पहिलं घर, स्वच्छ. दुसरं घर, स्वच्छ. तिसरं. चौथं, स्वच्छ." भिंग पाचव्या घरावर आलं. काकूंनी पेन्सिल टेकवली. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल भिंतीला लावत होतं, तेवढाच आवाज होता. काका बराच वेळ तिथे वाकून राहिले. भिंगाच्या खाली, काचेतून मोठी झालेली, ती रेघ काकूंना समोरून स्वच्छ दिसत होती.

"पाचवं घर," काका म्हणाले. "स्वच्छ."

काकूंनी वर पाहिलं.

"सहावं, स्वच्छ. सातवं." ते आता भरभर जायला लागले होते. "दहावं, अकरावं. बारावं. झालं." त्यांनी भिंग त्याच्या कातडी पाकिटात घातलं, आणि पाकिटाचं बटण दाबून बंद केलं. ते बटण काकूंनी इतक्या वर्षांत बंद झालेलं पाहिलं नव्हतं, कारण भिंग कायम हाताशी लागायचं. "आला बघ एकदाचा. चिकटव."

"नक्की?" काकूंनी विचारलं.

"तू दमलीस गं," काका म्हणाले. "चिकटव."

खणात आधीचे चौदा स्वच्छ फोटो पडलेले होते. त्यातला एक घेतला असता तर कुणाला कळलं नसतं. काकूंच्या मनात तसं आलंही. पण काकांनी पास केला होता तो हा, म्हणून काकूंनी हाच घेतला, चारही कोपऱ्यांना डिंक लावला, आणि वहीच्या शेवटच्या पानावर दाबून बसवला. वही त्यांनी काकांच्या मांडीवर नेऊन ठेवली. काकांनी ती उघडली नाही. दोन्ही हात वर ठेवून ते संध्याकाळपर्यंत खिडकीत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पांघरुणात जाग्या झाल्या आणि वाट बघत पडून राहिल्या. पलीकडच्या पलंगावर काका जागे होते, श्वासावरून कळत होतं. प्रश्न आला नाही. काकूंनी आणखी थोडा वेळ दिला. मग त्या उठल्या, चपला चाचपल्या आणि सवयीने मागच्या खोलीत जाऊन काट्यासमोर उभ्या राहिल्या. दोरीवर कोरड्या चादरी कडक होऊन लोंबत होत्या. कुंड्यांमधली पानं कडेने तपकिरी झाली होती.

"बावीस," काकू म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या. "बावीस आहे हो. गेले आठ-दहा दिवस असंच आहे."

 पलंगावरून काका म्हणाले, "माहितेय. ओठ फुटलेत माझे."

काकूंनी फडताळातून मलमाची डबी काढली आणि त्या त्यांच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या. काकांनी तोंड वर केलं, पण ते काकूंच्या बाजूला नव्हतं, खिडकीच्या उजेडाकडे होतं. काकूंनी हनुवटी धरून ते आपल्याकडे वळवलं आणि ओठांना मलम लावलं. त्या दिवशी त्यांनी मशीन चालू केलं नाही.